मशीनला न दिलेलं वाक्य

माझ्या धाकट्या भावाचा, दिगंबरचा, जालन्याहून फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत बसले होते. "आक्का, वंदना गेली," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "खरंच गेली." दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटेल. बायको गेल्याचं कोणी खोटं सांगतं का? पण त्या घरात बरेच महिने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. एकदा सांगायची म्हणून, आणि एकदा ती सरळ सांगितली आहे हे कळावं म्हणून. मी म्हणलं, "निघते." डाळ परत डब्यात ओतली, लुगडं बदललं आणि टेंभुर्णीच्या स्टँडवर येऊन बसले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं निघालात? मी म्हणलं, भावजय वारली. ती म्हणाली, अरेरे, म्हातारी होती का? मी म्हणलं, नव्हती. 

वंदना माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. दिगू आमच्यातलं शेंडेफळ, त्यामुळं त्याची बायको मला सुनेसारखीच. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईनं तिला दुसऱ्याच दिवशी भाकरी थापायला बसवलं. तव्यावर जी पडली ती भाकरी म्हणजे तालुक्याचा नकाशा होता. मी शेजारी बसले होते. मी म्हणलं, "तुमच्या माहेरी कोपऱ्याच्या भाकरी करत्यात का वं?" नवी नवरी, डोक्यावर पदर, मान खाली. मला वाटलं आता रडेल. तिनं भाकरी उलटली आणि मान खालीच ठेवून म्हणाली, "न्हाई वन्सं, आमच्याकडं गोलच असती. पण आल्यापासून बघून राह्यले, इथलं बोलणं सगळं कोपऱ्याकोपऱ्याचं हाय. म्हणलं भाकरीबी घराला शोभंल अशी करावी." आई पदरात तोंड घालून हसली. मी हसले नाही. पण ह्या घरात बोलायला कोणीतरी आलं, हे मला त्याच दिवशी कळलं. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींना टोचत आलो. कधी अबोला धरला नाही, कारण अबोल्यात मजा नाही.

दिगू मात्र सरळ माणूस. कचेरीत कारकून होता, समोर कागदावर जे लिहिलं असेल तेवढंच खरं. एकदा त्यानं बाजारातून किडकी वांगी आणली. वंदना पिशवी ओतून म्हणाली, "वा! निवडून निवडून आणलीत बघा. एक बी किडकं सुटलं न्हाई तुमच्या हातून." हा खूश. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाकडून तसलीच घेऊन आला. मग मला फोन करायचा, "आक्का, ही असं असं म्हणली. खरं म्हणली का टोमणा मारला?" मी सांगायची. तो "अस्सं" म्हणून फोन ठेवायचा. त्यांच्या संसारात माझं एवढंच काम होतं. तिला हे माहीत होतं आणि ती मुद्दाम अवघड बोलायची, म्हणजे त्याला मला फोन करावा लागेल.

ती एका खाजगी शाळेत मराठी शिकवायची. शाळा बंद पडली. घरी बसून तिचं डोकं फिरायला लागलं होतं, तेवढ्यात तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, स्नेहलनं, पुण्याहून तिला काम दिलं. कंपनीनं घरी संगणक पाठवला. काय काम, तर लोक मशीनशी बोलतात आणि मशीन उत्तर देतं, पण माणूस वाकडं बोलला तर मशीनला कळत नाही. ते शिकवायचं. ती मला सांगायला लागली तेव्हा मी म्हणलं, "आता टोमणे मारायला बी मशीन लागतंय का?" ती म्हणाली, "मारायला न्हाई वन्सं, ओळखायला. कोणी म्हणलं की 'लई उपकार केलेस', तर ते म्हणतं, 'मला आनंद वाटला.'" मी म्हणलं, "म्हणजे आपला दिगूच की." ती म्हणाली, "बराबर. फरक इतकाच, की हे शिकून राह्यलं."

कामाची रीत तिनं मला दाखवली होती. पडद्यावर दोघा माणसांचं बोलणं यायचं. कोण बोलतंय, कोणाला, त्याच्या आधी काय झालं, हे वाचायचं आणि खाली खूण करायची, सरळ की उपरोध. मग बटण दाबलं की मशीन स्वतःचा अंदाज दाखवायचं, चुकला तर ती दुरुस्त करायची. वाक्याकडं बघायचं नाही, वाक्याच्या आजूबाजूला बघायचं, असं ती म्हणायची. "या, बसा की, घर तुमचंच हाय" हे वाक्य पाहुण्याला पहिल्या दिवशी सरळ असतं आणि आठवडाभर राहिला की उपरोध होतं. कंपनीला पुस्तकातली वाक्यं नको होती, माणसांची हवी होती, आणि आपल्याकडच्या बोलीतली फारच कमी होती. म्हणून ती बाजाराच्या दिवशी टेंभुर्णीला यायची. माझ्या ओट्यावर बायका जमतातच. ती सगळ्यांना सांगायची की हे कंपनीच्या फोनमध्ये भरून घेऊन राह्यले, कोणाचं नाव देणार नाही, कोणाला नको असेल तर सांगा. बायकांना काय, ऐकायला कोणी मिळालं की झालं. सुरुवातीला सगळ्या बाया रेडिओवर बोलल्यासारख्या बोलायच्या. थोड्या वेळानं विसरायच्या, मग कामाचं बोलणं सुरू व्हायचं.

माझी शेजारीण सखूबाई त्यात पुढं. गुडघ्यांनी धरलेली, सुनेनं चहाला उशीर केला की म्हणायची, "सावकाश आण माय, मला कुठं घाई हाय. मला तर शंभर वर्षं जगायचंय, तुझ्या नातवाच्या बारशाला घुगऱ्या वाटून जाते." सगळ्या हसायच्या, सूनही हसायची. दुसरी कोणी म्हणायची, "मला जगायचंय बाई, अजून दोन दाढा शिल्लक हायत." असली वाक्यं तर पायलीनं निघाली. आमच्या वयाच्या बायकांचा हा रोजचा विषय. वंदना घरी जाऊन ती सगळी लिहून काढायची आणि उपरोधात टाकायची. बरोबरच होतं ते.

एकदा मात्र स्नेहलशी तिची जुंपली, तेव्हा मी तिथं होते. कोणीतरी बोलताना "बांगडी वाढली" म्हणलं होतं. स्नेहलनं पुण्याहून ते उपरोधात टाकलं, कारण बांगडी फुटली आणि बाई म्हणते वाढली, म्हणजे उलटं बोलणं झालं. वंदना फोनवर तिला म्हणाली, "पोरी, उलटं बोललेलं सगळं वाकडं नसतं गं. हे वाकडं न्हाई, हे भ्यालेलं हाय." स्नेहल म्हणाली, बाई, भ्यालेल्याला आपल्याकडं खूण नाही. वंदना म्हणाली, मग करून घे. ते झालं की नाही मला माहीत नाही. पण काम तिला आवडायचं. मशीन सुधारत चाललं तसं ती मला चिडवायची, "आता ते तुमच्या तोडीला आलं बरं का वन्सं. दिगंबररावांना तुमची गरज न्हाई राहणार."

मग तिच्या जिभेच्या कडेला फोड आला. ती म्हणाली, दात लागला असेल. तो बरा होईना. पुढचं सगळं लोकांना माहीत असतं, घरोघरी कोणाचं ना कोणाचं झालेलं असतं, म्हणून लांबवत नाही. संभाजीनगरला नेलं, तपासलं, कॅन्सर निघाला आणि जीभ काढावी लागली. थोडीशी ठेवली, तिचा बोलायला उपयोग नव्हता. आमच्या गावात एक बाई म्हणाली, "लई चालायची, म्हणून तिथंच झालं." मी म्हणलं, "मंग तुला कुठं व्हायला पायजे सांग, मी देवाला कळवते." तेव्हापासून ती माझ्या ओट्यावर येत नाही. न येऊ दे.

बोलणं गेल्यावर तिनं आणखी एक फोन घेतला. त्यात लिहायचं आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. बायकी आवाज, पण स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसला. सुखाचं आणि दुःखाचं एकाच सुरात. ती पहिल्यासारखीच बोलायची, म्हणजे लिहायची, आणि तो फोन तिचं सगळं बोलणं धुऊन-वाळवून सपाट करून बाहेर टाकायचा. लांबचे एक मामा भेटायला आल्ते. कोणता तरी पाला वाटून लावा, सगळं जातं, असं तासभर सांगत बसले. वंदनानं लिहिलं, फोननं वाचलं, "तुमच्यासारखा जाणकार घरात असताना आम्ही उगीच दवाखान्याच्या चकरा मारून राह्यलो." मामा इतके खूश झाले की अजून दोन पाले सांगितले आणि जेवायलाही थांबले. तिनं माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. मला हसू आलं, तिलाही आलं. पण मामा गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मी तिला म्हणलं, "असं कर, टोमणा असला की ताटली वाजवत जा. म्हणजे समोरच्याला कळंल." तिनं लिहिलं, "तुम्ही कधी ताटली वाजवून टोमणा मारला का वन्सं? खूण केल्यावर त्यात उरतं काय?" मी म्हणलं, राह्यलं. ती म्हणत होती ते मला पटलं होतं. ताटली वाजवून बोलणारी वंदना मलाही नको होती. पुढं काय होणार ते माहीत असतं तर मी तिच्या हाताला ताटली बांधली असती.

काही महिन्यांनी दुखणं जबड्यात उतरलं. डॉक्टर म्हणाले, जबड्याचा भाग काढावा लागेल. तरणे डॉक्टर, बिचारे चांगले, त्यांनी तिलाच विचारलं, तुमची तयारी आहे का? मी त्या दिवशी टेंभुर्णीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगूचा फोन आला, "आक्का, वंदना तयार हाय. सही बी झाली." मला पटेना. ती मला आठ दिवसांपूर्वीच म्हणाली होती की आता बास, आता कोणाला हात लावू देणार नाही. मी म्हणलं, "काय म्हणली? तिचे शब्द सांग." तो म्हणाला, "म्हणली, घ्या की तो बी. एकट्या जबड्याचं इथं काय काम हाय? डॉक्टर म्हणले, ताई धीराच्या हायत."

मी तिचे शब्द तिच्या आवाजात पुन्हा म्हणून बघितले. मग म्हणलं, "दिगू... अरे, ती नको म्हणली."   मग तो म्हणाला, "आक्का, तिला आत नेलं."

पुढं शुद्धीवर आल्यावर, बरीच सावरल्यावर, मी तिला विचारलं, "तू आडवी का न्हाई पडलीस? लिहायचं होतं सरळ, नको म्हणून." तिनं लिहिलं, "मला वाटलं यांना कळलं. कळून बी यांना करायचंच हाय. मंग म्हणलं, होऊ द्या, त्यांना मी पायजे असंल." हे फोननं त्या स्टँडच्या आवाजात वाचलं, आणि दिगू तिथंच, औषधं घेऊन उभा होता.

त्या दिवसापासून त्याचं डोकं चालेना. ती म्हणाली पाणी द्या, तर हा विचारायचा, खरंच देऊ? ती म्हणाली पंखा बंद करा, तर हा बटणावर हात ठेवून तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. आणि तोंडावर काय दिसणार होतं? अर्धं तोंड शिवलेलं, सुजलेलं. भुवई उडवायची तिची सवय होती, ती भुवईसुद्धा उठत नव्हती. मग तिनं त्याच्यासाठी टोमणे सोडले. बिलकुल सोडले. सगळं सरळ लिहायला लागली, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. "मला पाणी पाहिजे आहे." "मला झोप आली आहे." मी गेले की मला तरी एखादा मारेल म्हणून मी मुद्दाम काहीबाही बोलायची. पदर ओढून म्हणायची, "राणीसाहेब, दरबार कधी भरतोय?" ती माझ्याकडं बघायची आणि लिहायची, "बसा." पण दिगूचा विश्वास परत आला नाही. एकदा फसलेल्या माणसाला सरळ रस्तासुद्धा वाकडा दिसतो.

मग मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देता येतील, त्रास होईल, काही महिने मिळतील किंवा नाहीही मिळणार. घरी जा, बोला, ठरवा. मी तेव्हा जालन्याला त्यांच्याकडंच राहायला गेल्ते. घरी आल्यावर तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या लिहिलं. फोननं वाचलं, "मला जगायचं आहे. इंजेक्शन घ्यायचं आहे."

दिगूनं माझ्याकडं बघितलं. मला लगेच कळलं असं मी म्हणणार नाही. असलं वाक्य मी आयुष्यात कोणत्याही बाईच्या तोंडून सरळ ऐकलं नव्हतं, तर ओळखणार कसं? दिगू तिला म्हणाला, "वंदना, मागच्या बारीला तू माझ्यापायी हो म्हणलीस. आता बी माझ्यापायीच म्हणून राह्यलीस का?" तिनं मान हलवली, नाही. तो म्हणाला, "मला कसं कळणार गं?"

तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि त्याला आतल्या खोलीत नेलं, संगणकापुढं. आजारी असतानाही जमेल तसं ती काम करायची, सगळं तिथंच मांडलेलं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि रोज करायची तसं सगळं बराबर भरलं. बोलणारी बाई आजारी आहे, जीभ काढलेली आहे, जबडा काढलेला आहे, नवऱ्याशी बोलते आहे, आधी डॉक्टरांनी काय सांगितलं. मग वाक्य लिहिलं, मला जगायचं आहे. आणि दिगूकडं बघून बटण दाबलं. तिला खात्री होती. आपल्या हातानं शिकवलेलं लेकरू.

पडद्यावर आलं, उपरोध.

वंदना हसायला लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते. दिगू डोळे पुसत म्हणाला, "बघ आक्का. तिच्या मशीनला बी कळलं. मलाच तेवढं कळत न्हाई." त्याला वाटलं चोरी पकडली म्हणून ती हसते आहे. मी तिच्या हाताकडं बघत होते. तिनं टेबलाची कड धरली होती आणि हसून झालं तरी ती सोडत नव्हती. बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं.

मी दिगूला स्वयंपाकघरात ओढला. म्हणलं, "ती सरळ बोलून राह्यली. तिला जगायचंय." तो म्हणाला, "आक्का, मागं तूच म्हणलीस ती उलटं बोलली." मी म्हणलं, "मागं उलटं बोलली म्हणून जन्मभर उलटीच बोलंल का? अन् त्या मशीनला कोणी शिकवलं? आम्हीच ना? माझ्या ओट्यावर बसून? आमच्यातली कोणती बाई सरळ म्हणली, मला जगायचंय? सखू म्हणली ती चहाच्या नावानं. म्हातारीनं म्हणायचं ते 'देवा, उचल आता', आजाऱ्यानं म्हणायचं ते 'माझं काय, तुम्ही जेवा.' जगायचंय असं आमच्यात कोणी म्हणलं ते चेष्टेतच. मशीननं तेवढंच ऐकलं. त्याची काय चूक? हे सरळ वाक्य आम्ही कोणी त्याला दिलंच न्हाई रे. ही पहिली हाय म्हणणारी." दिगू ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "तू म्हणतीस ते खरं असंल. पण मला तिला अजून एकदा तिकडं न्यायचं धाडस होईना आक्का. मागच्या बारीला मी सही केली."

भांडून उपयोग नव्हता. तो वाईट नव्हता, भ्यालेला होता. पण तिच्याकडं वेळ नव्हता आणि तिला ते माहीत होतं. मग ती जो येईल त्याला तेच वाक्य ऐकवायला लागली. दूधवाला आला, दार उघडून फोन पुढं धरला, "मला जगायचं आहे." तो बिचारा किटली घेऊन उभाच राहिला. शेजारीण आली, तिला तेच. शेजारीण म्हणाली, "जगणारच की हो ताई तुम्ही, चांगल्या खमक्या आहात," आणि बाहेर जाऊन माझ्यापाशी रडली. इस्त्रीवाला, गॅसवाला, सगळ्यांना. ज्या बाईनं कधी कोणाकडं वाटीभर साखर मागताना सुद्धा दोन शब्द सुनावल्याशिवाय मागितली नाही, ती रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याकडं जीव मागत होती. कोणी हसलं, कोणी मान फिरवली. "बराबर हाय, जगा" असं साधं उत्तर एकानंही दिलं नाही. मी दिलं. पण मी देऊन काय होतं? सही मी करणार नव्हते.

शेवटी ती बोलायची थांबली. नळीतून पोटात जाणारं पातळ अन्न स्वतःच्या हातानं ओतायला लागली, सांगितलं त्यापेक्षा जास्त. ओकारी यायची, पुसायची, पुन्हा ओतायची. गॅलरीत भिंत धरून चालायची, इकडून तिकडं, तिकडून इकडं, पाय थरथरत असायचे. दिगू खिडकीतून बघायचा. एका सकाळी तो आत आला आणि तिच्या चपला घेऊन तिच्यापुढं ठेवल्या. म्हणाला, "चल." तिनं त्याच्याकडं बघितलं, पण फोन काही उचलला नाही. चपला घातल्या.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, अंगात ताकद कमी झाली आहे, तरी देऊन बघू. पहिलंच इंजेक्शन दिलं. ताप आला, तो उतरला नाही. मी एक दिवस गावी आले, कपडे घेऊन परत जाणार होते, तेवढ्यात तो फोन आला. दिगूनं नंतर डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, ते मी सांगू शकत नाही. खरं बोलले. पण दिगूला आता कोणाचंच खरं वाटत नाही. तो विचारत राहतो.

चौदावं झाल्यावर स्नेहल पुण्याहून संगणक न्यायला आली. बाईंच्या खुर्चीवर बसवेना म्हणून उभीच राहिली. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणलं, "पोरी, तुझ्या मशीनला सांग. बाई जगायचंय म्हणली तर ते सरळ धरायचं." ती म्हणाली, "आजी, एका वाक्यानं काही होत नाही हो. पुष्कळ लागतात. वेगवेगळ्या बायकांची, त्यांच्या आवाजातली, मनापासून म्हणलेली." मी म्हणलं, मग ते बटण कुठलं दाबायचं ते दाखव. वंदना ज्या फोनवर आमचं बोलणं भरून घ्यायची तो तिनं माझ्याकडं दिला आणि दाखवलं.

आता बाजाराच्या दिवशी तो फोन मी ओट्यावर मधोमध ठेवते. सखूबाईला म्हणलं, "म्हण, मला जगायचंय. साधं म्हण." ती म्हणाली, "अगं बाई, असं कसं म्हणावं? लोक म्हणतील म्हातारीला हाव सुटली." मी म्हणलं, म्हण तर खरी. तिनं तोंड पुसलं, फोनकडं बघितलं, म्हणाली, "मला जगायचंय!" आणि मांडीवर थाप मारून हसत सुटली. दुसरीनं म्हणलं, मला जगायचंय, आणि लगेच पुढं जोडलं, "धाकट्याचं लगीन झालं की जाते मी." तिसरी तर नुसतीच लाजली. काही म्हणजे काही सरळ निघेना. मग एका दुपारी दार लावून मी एकटीच बसले. माझंही वय झालं आहे, छातीत कळ येते, मरायची मला बिलकुल घाई नाही. बटण दाबलं आणि म्हणलं, "मला जगायचंय." ऐकून बघितलं. शेवटाला आवाज वाकडा झाला होता, नेहमीसारखा, कोणाला तरी हसवायला निघाल्यासारखा. पुसलं, पुन्हा म्हणलं. पुन्हा तसंच. अजून माझ्याच्यानं ते सरळ झालेलं नाही. वंदनाला जमलं होतं, आणि तिला तर जीभही नव्हती.